चुकलेलं वचन

उत्तमा, काल तुझं दहावं झालं. सिंदफणेच्या पात्रात पाणी नाही, तेव्हा दोन बादल्या घरूनच भरून न्याव्या लागल्या. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. तुझी मावसबहीण म्हणाली, "सरांचं कायबी राह्यलं न्हाई मागं. सुटले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला की मी तिथून उठून लांब बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. काही राहिलं नाही म्हणे! आपलं जन्मभराचं भांडण राहिलं, त्याचं काय? जुन्या मराठीचा पेपर कसा शिकवावा, हे अजून ठरायचंय आपलं. कावळ्याला त्यातलं काय कळतं?

परत येताना तुझी शैला जीपमध्ये माझ्या शेजारी बसली. लेक तुझ्यावरच गेली आहे. रडू यायला लागलं की आधी काहीतरी कामाचं बोलते. टँकरवाल्याला फोन केला, केळीच्या पानांचं विचारलं, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काका, तुमच्याकडं बाबांचा आवाज हाय का कुठं? कशात तरी? मला आठवंना झालाय."

मी म्हणालो, "बघतो." दुसरं काय म्हणणार होतो?

घशाच्या दुखण्यात डॉक्टरांनी तुझं स्वरयंत्रच काढून टाकलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हातोहाती मोबाइल आले ते त्याच्यानंतर. बारशांचे, लग्नांचे, सुरतीच्या पाहुण्यांचे सगळे व्हिडिओ शैलानं जपून ठेवलेत आणि त्या सगळ्यांत तू आहेस. हसतोस, हात उडवतोस, पाटीवर लिहून ती सगळ्यांपुढं धरतोस. बोलत मात्र नाहीस. आणि ज्या काळात तू बोलत होतास, त्या काळात माइक कायम दुसऱ्याच्या तोंडापुढं धरून बसलेला असायचास. "साहित्य आधी कानानं वाचायचं असतंय बे," म्हणून तू माझं डोकं खाल्लंस आणि आता तुझाच आवाज कुठं सापडत नाही. ह्याला काय म्हणावं?

आपण दोघं एकाच उन्हाळ्यात कारखान्याच्या कॉलेजात लागलो. ऊस नवा नवा होता, धरणाचं पाणी नवं होतं, आणि सभासदांच्या पोरांसाठी कॉलेज काढायचं म्हणून साखरेच्या गोदामाशेजारी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या. मराठी विभाग म्हणजे तू, मी आणि एक न लागणारं कपाट. मी शब्दाची फोड करणारा, विभक्ती-वचन बघणारा. तू मला पहिल्याच आठवड्यात पंतोजी करून टाकलंस. आणि तू? वर्गात हजेरीपट न घेता टेपरेकॉर्डर घेऊन जाणारा तेवढा एकटाच.

"आधी ऐकू दे बे त्यांना," तू म्हणायचास. "अर्थ कुठं पळून चाललाय?"

"अर्थ पळत नाही, आवाज पळतो," मी म्हणायचो. "कागद राहतो."

ह्या दोन वाक्यांवर आपला संसार चालला. स्टाफरूममधले बाकीचे लोक ती ऐकून ऐकून इतके कंटाळले की आपण तोंड उघडलं की चहाला निघून जायचे.

वीज तर तेव्हाही पाहुण्यासारखीच यायची, म्हणून तुझी टेप सेलवर चाले. सेल उतरत आले की आवाज जड व्हायचा, ओवी चिखलातून चालल्यासारखी चालायची. तू सेल उन्हात वाळवायचास, दातानं चेपायचास आणि परत घालायचास. एका वर्षी पोरांचं पाठांतर सगळं त्या उतरलेल्या सेलांवरच झालं. बीडच्या स्पर्धेत आपली पोरं स्टेजवर उभी राहिली आणि प्रत्येक चरण असा ओढत ओढत, घोगऱ्या आवाजात म्हणाली की परीक्षक पुढं सरकून बसले. नंतर त्यांतल्या एकानं तुला बाजूला घेऊन अदबीनं विचारलं, "सर, ही कुठल्या मठाची परंपरा?" तू तेवढ्याच अदबीनं म्हणालास, "उतरल्या सेलाची." तो बिचारा मान हलवत गेला. बक्षीस आपल्यालाच मिळालं. येताना एसटीत तू इतका हसलास की कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं.

आणि तो सिनेमा! संताच्या आयुष्यावरचा जुना काळापांढरा सिनेमा तू कुठून तरी मिळवून आणलास आणि कारखान्याच्या जनरेटरवर सगळ्या कॉलेजला दाखवलास. मी आलो नव्हतो. परीक्षेत कळलं काय गोंधळ झाला ते. "कवीच्या व्याकुळतेचे वर्णन करा" ह्या प्रश्नाला सबंध वर्गानं लिहिलं होतं की कवी डोंगरावर उभा राहतो, ढग गडगडतात आणि त्याचा फेटा उडून जातो. मूळ काव्यात ढग नाही, डोंगर नाही आणि फेटा तर औषधालाही नाही. मी सगळ्यांना भोपळा दिला. तू उत्तरपत्रिका माझ्या हातातून ओढून घेतल्यास.

"पंतोजी, ती पोरं रडलीत सिनेमा बघून. व्याकूळ म्हंजे काय ते कळलंय त्यांना."

"फेटा उडाला म्हणून रडलीत."

"मंग? तू कशासाठी रडला व्हतास पयल्यांदा? वचन-विभक्ती बघून?"

आपण शेवटी निम्मे निम्मे गुण देऊन तह केला. मला अजूनही वाटतं तू चुकत होतास. हे आता कुणाला सांगू?

पण खरं भांडण तुझ्या मायवरून. तिचं माहेर नारायणगडाच्या बाजूचं. गडावरच्या कीर्तनांतून ऐकून ऐकून तिला जुन्या ओव्या शेकड्यानं पाठ. वाचता एक अक्षर येत नव्हतं. तिच्या शेवटच्या वर्षी तू युसूफ वडगावजवळच्या तुमच्या घरी ओट्यावर तिला बसवून एक अख्खी कॅसेट भरून घेतलीस. मागं शेळ्या ओरडताहेत, कुणी घागर ठेवतंय, आणि मधून मायचा तो सरळ, न सजवलेला आवाज. दरवर्षी जुन्या मराठीचा पहिला तास तू त्या कॅसेटनं सुरू करायचास. तोवर माय गेली होती.

"ऐक," तू मला म्हणालास, "जुन्या पोथीत स्वल्पविराम नसतोय, पूर्णविराम नसतोय. मंग वाक्य कुठं तुटतंय ते कसं कळायचं? माय श्वास कुठं घेती ते बघ. तितं अर्थ वळतोय."

"माय श्वास घेते कारण तिला दमा होता," मी म्हणालो.

तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आलास आणि म्हणालास, "दमेकऱ्याचा श्वासबी अर्थ बघूनच तुटतोय, बे." त्याच्यावर मी अजून विचार करतोय. खरंच सांगतो. कितीदा तरी एखादी ओवी शिकवताना मी मनातल्या मनात मायचा श्वास कुठं येतो ते आठवून बघायचो आणि मग फळ्यावर वाक्य तोडायचो. तुला पत्ता लागू दिला नाही.

त्या कॅसेटची तू केलेली काळजी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा एक इवला तुकडा असायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नसे. भरायचं बटण दाबलंच जात नसे. माय गेल्यावर तू पहिलं काम ते केलंस. माझ्यासमोर नखानं तो तुकडा मोडलास आणि म्हणालास, "आता हिला कुनी पुसू शकत न्हाई." दुसरी प्रत काढायला दोन कप्प्यांची टेप पाहिजे, म्हणून संस्थेकडं अर्ज केलास. ठराव झाला, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली गेली, टेप काही आली नाही.

मग तो दुष्काळ आला.

धरणात चिखल राहिला, उभा ऊस तोडून जनावरांपुढं टाकला, कारखान्याच्या आवारात चारा छावणी लागली. कॉलेजात पोरं येईनात. तू तरी रोज टेप घेऊन यायचास. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचं, तर पाणी तरी कुठं होतं? एका दुपारी कारखान्याच्या ऑफिसातून आपल्या दोघांना बोलावणं आलं. छावणीजवळच्या जुन्या विहिरीच्या तळाचं पाणी लोक खरवडून नेत होते, आणि लेकरांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. टँकर वाटेत बंद पडलेला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येणार नव्हता. गावोगाव ओरडून सांगायला जीप तयार होती. पण भोंग्याचा माइक बिघडलेला, नुसती टेप चालत होती, आणि जीपमधल्या झाडून सगळ्या कॅसेटा उन्हानं वाकल्या होत्या. मजकूर पंतोजींनी लिहावा, आवाज उत्तम सरांनी द्यावा, असं ठरलं.

मी लिहिलं: सर्व सभासद व ग्रामस्थ यांना कळविण्यात येते की. तू कागद वाचलास, घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवलास. मग पिशवीतून कॅसेट काढलीस. तेवढ्यात तुझ्या बोटाला काहीतरी लागलं. औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी मागून घेतलीस, खिडकीकडं तोंड करून थोडा वेळ काहीतरी खटपट केलीस, मग टेपमध्ये कॅसेट घातलीस आणि बोलायला लागलास.

"बायांनो, बापांनो, ऐका. छावणीजवळच्या जुन्या विहिरीचं पानी कुनी पिऊ नका. लेकरं आजारी पडायलेत. आज टँकर येनार न्हाई. उद्या सकाळी येनार हाय. तवर घरात हाय तेच पानी उकळून पुरवून प्या. त्या विहिरीवर जाऊ नको, माय."

मग तू माझ्याकडं बघून विचारलंस, "बंद झालं का बे?" मी म्हणालो, "न्हाई, चालूच हाय." तेही सगळं कॅसेटवर भरलं गेलं, आणि मग मी बटण दाबलं.

जीप निघून गेल्यावर मी तुला पहिली गोष्ट काय म्हणालो आठवतंय? "वचन चुकलं तुझं. 'बायांनो, पिऊ नका' म्हणालास आणि शेवटी 'जाऊ नको'. अनेकवचनाचं एकवचन केलंस." तू म्हणालास, "घाईत चुकलं."

जीप गावोगाव फिरली. ड्रायव्हर टेप वेळेवर थांबवीना, म्हणून तुझ्या आवाजाच्या पाठोपाठ भोंग्यातून मायची ओवी ऐकू यायची. पहिल्याच गावात बायांनी हात जोडले. लोक आपसांत म्हणायला लागले, "म्हातारी सांगायली, विहिरीवर जाऊ नका म्हनून." त्या विहिरीकडं पुन्हा कुणी फिरकलं नाही. संध्याकाळी आपल्याला कळलं की कोरी समजून तू मायचीच कॅसेट घातली होतीस. मी तुझ्याकडं बघायचं टाळलं. तू म्हणालास, "दोन व्हत्या पिशवीत. घाईत कळलं न्हाई." परत तेच, घाईत.

गंमत नंतर सुरू झाली. आपण दोघं लूनावरून कुठल्याही गावातून निघालो की ओट्यावरनं एखादं पोरगं ओरडायचं, "बंद झालं का बे?" आणि दुसरं कुठूनतरी उत्तर द्यायचं, "न्हाई, चालूच हाय!" तू हात वर करून दाद द्यायचास. मी मागं बसून ओशाळायचो. एवढं जुनं वाङ्मय शिकवून तालुक्यात आपली कीर्ती काय, तर ही.

पुढच्या वर्षी जुन्या मराठीच्या पहिल्या तासाला तू परत तीच कॅसेट लावलीस. मी दाराशी उभा होतो. मायच्या ओवीचे तीन चरण झाले आणि चौथ्याच्या जागी तुझं पाण्याचं बोलणं आलं. पोरं फिसकन हसली. तू टेप थांबवलीस आणि शांतपणे म्हणालास, "ओवीचे पयले तीन चरण यमकानं बांधलेले असतात. चौथा आखूड असतोय, मोकळा, त्याला यमक नसतंय. कावून नसतंय? तितं माणूस गाणं सोडून बोलायला लागतंय. आता परत ऐका." परत लावलीस. ह्या वेळेला कुणी हसलं नाही. त्या पोरांना ओवीची रचना जन्मात कधी सांगावी लागली नाही.

मी बाहेर आल्यावर म्हणालो, "चुकीला तत्त्वज्ञान चिकटवू नको. निष्काळजीपणानं आईचा आवाज पुसलास आणि वर त्याचा तास केलास." तू हसलास फक्त. हे मी तुला पुढं वर्षानुवर्षं ऐकवत आलो, चेष्टेनं, कधी चिडून. तू हसायचास फक्त.

बाकीचं काय सांगू, तुला ठाऊकच आहे. कारखान्याची चाकं थांबली, मग तो भाड्यानं गेला, मग तेही नाही. ऊसवाल्यांची पोरं होती ती आता ऊस तोडायला साखरपट्ट्यात जातात, दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात. तुझ्या हट्टानं मिळालेल्या त्या खोलीला 'दृक्‌श्राव्य कक्ष' अशी पाटी होती. तिथं आता कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. कॅसेटा भंगारवाला घेऊन गेला. जुन्या मराठीचा पेपर ऐच्छिक झाला आणि तो फारसं कुणी घेत नाही. जे घेतात ते तयार उत्तरं पाठ करतात. तिथं ना तुझा आवाज लागतो ना माझी विभक्ती. आपण दोघंही हरलो, उत्तमा, आणि ज्यांच्यापुढं हरलो त्यांना आपण भांडत होतो हेसुद्धा माहीत नाही.

आणि तुझा घसा. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तू पाटी पुढं केलीस: बोल पंतोजी, आता तुझीच पाळी. मी रोज संध्याकाळी यायचो. तेच भांडण. पण त्याच्यात दम राहिला नव्हता. मी भडाभडा बोलून टाकायचो, तू खडूनं लिहीत बसायचास, आणि तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दुसरा मुद्दा काढलेला असायचा. मग तू अर्धं वाक्य बाहीनं पुसून टाकायचास. अशी किती अर्धी वाक्यं त्या बाहीला पुसली गेली. कागद राहतो म्हणणारा मी जिंकलो होतो. तुझ्यासमोर बसून, तुझं बोलणं हातानं लिहिलेलं वाचत. असं जिंकणं वैऱ्यालाही मिळू नये.

तर, शैलाला "बघतो" म्हणालो खरं. पण कुठं बघणार? काल संध्याकाळीच कॉलेजात गेलो. शिपायानं ती खोली उघडली. गठ्ठ्यांमागं शोधलं, न लागणाऱ्या कपाटात शोधलं. तुझ्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी मिळाली, 'सेल आणणे'. खाली बसलो आणि मला तिथंच रडू कोसळलं. शिपाई बिचारा पाणी आणायला गेला, तर माठ कोरडा.

आज सकाळी शैलाचा फोन आला. तुझं सामान आवरताना दाढीच्या डब्यात, वस्तऱ्याखाली, रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट निघाली म्हणाली. मी तसाच घरची जुनी टेप काखेत मारून निघालो. भंगारात गेली नव्हती तर. ऑपरेशनच्या आधीच तू ती घरी आणली असणार. म्हणजे एवढी वर्षं रोज सकाळी दाढी करताना तुझा हात तिला लागत होता.

शैलानं ती माझ्या हातात दिली. मी सवयीनं उलटी करून पाठ बघितली. तुझ्या नखानं मोडलेल्या तुकड्याच्या जागी भोक होतं, आणि त्या भोकावर औषधाच्या चिकटपट्टीचा, करड्या रंगाचा, नीट कापलेला तुकडा बसवलेला होता.

मी ते बघत राहिलो, उत्तमा. भोक बुजवल्याशिवाय त्या कॅसेटवर काही भरताच येत नव्हतं. कोरी समजून घातली असतीस तर बटणच दाबलं गेलं नसतं. तुझ्या बोटाला तेव्हा काही लागलं नव्हतं. पिशवीत दोन कॅसेटा नव्हत्या. खिडकीकडं तोंड करून तू जी खटपट करत होतास ती ही.

सांगितलं का नाहीस? मी तुला निष्काळजी म्हणत होतो, चारचौघांत म्हणत होतो, तेव्हा एकदा तरी डाफरायचंस. नंतर पाटी होती, पाटीवर लिहायचंस. मला वाटतं, सांगितलं असतंस तर मी त्याचं काहीतरी करून टाकलं असतं. गॅदरिंगला भाषण केलं असतं, लेख लिहिला असता, आईचा आवाज आणि तहानलेलं गाव, अशी वाक्यं जुळवली असती. तू मला पुरता ओळखून होतास. आणि बघ, लिहायला बसलोच आहे.

टेपमध्ये कॅसेट घातली. घरातले सेल जुने. मायचा आवाज जड, ओढत ओढत यायला लागला. मग तुझा आला, घोगरा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. शैलाचं तोंड उतरलं. "हे बाबा न्हाईत," ती म्हणाली. "असा नव्हता त्यांचा आवाज." मी म्हणालो, "थांब पोरी. ही उतरल्या सेलाची परंपरा हाय." कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, नवे सेल आणले. एक सेल उलटा बसला, परत काढला, परत घातला.

माय ओवी म्हणायला लागली. पहिला चरण, दुसरा, तिसरा. तिनं श्वास घेतला. आणि तू आलास. तसाच, स्वच्छ, जरा नाकात, घाईत नसलेला. मला वाटत होतं तू घाईत होतास. तू मुळीच घाईत नव्हतास. बायांनो, बापांनो, ऐका. शैलानं तोंडावर पदर धरला. पिऊ नका. येनार न्हाई. उकळून पुरवून प्या. आणि मग तू थोडा थांबलास. त्या दिवशी समोर असून मला ते थांबणं ऐकू आलं नव्हतं, आणि नंतर वर्गात इतकी वर्षं ऐकूनही आलं नव्हतं. तू श्वास घेतलास, आणि अर्थ तिथं वळला.

"त्या विहिरीवर जाऊ नको, माय."

"बंद झालं का बे?"

"न्हाई, चालूच हाय."

शैलानं डोळे पुसले. मराठी घेऊन बीए केलेली, तुझे तास बंद झाल्यावर माझ्या हाताखाली शिकलेली पोर आहे ती. म्हणाली, "काका, समद्यांना नका, नका म्हनत व्हते. शेवटी 'जाऊ नको' कावून म्हनले?"

"तुझ्या आजीला म्हणाला तो," मी म्हणालो. "वचन बरोबर हाय त्याचं."

ती रडायला लागली. मीही लागलो. माय पुढच्या ओवीवर गेली होती, मागं शेळ्या ओरडत होत्या, आणि टेप बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.